थेटरात मिलिंद रडला तेव्हा

“भाऊजी, आज तरी खरं सांगा! आयुष्यात एकदा तरी!” सुजातावहिनी अशा ओरडल्या की सिंगापुरातल्या पासिर रिसचा समुद्र घाबरून दोन पावलं मागे सरकला असेल. त्यांच्या नवऱ्याला, मिलिंदला, जाऊन तीन आठवडे झाले होते, पुण्यानुमोदनाचा विधी आदल्याच दिवशी पार पडला होता आणि वहिनींच्या हातात फ्लॅट विकायचे कागद होते. एजंट शनिवारी यायचा होता. सोफ्यावर त्यांची चौदा वर्षांची प्रज्ञा कानात इअरफोन घालून बसली होती. तिला सिंगापूर सोडायचं नव्हतं. “मला एवढंच सांगा, त्या दिवशी थेटरात हे नागपूरला परत जाऊ म्हणाले होते की नाही? त्या एका वाक्यावर मी हे घर मोडायला निघालेय.” आणि ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही असा मी... त्या कागदांवरचे आकडे वाचत बसलो.

मिलिंद आणि मी एकाच महिन्यात इथे उतरलो. तो कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी बँकेत. क्वीन्सटाउनला आम्ही एक खोली वाटून घेतली होती. पहिल्याच रविवारी त्याने झणझणीत सावजी रस्सा केला, तर खालच्या मजल्यावरची चिनी आजी खोकत खोकत वर आली. एवढंच झालं होतं. पण मी ती गोष्ट आगीचे दोन बंब आले म्हणून सांगत असे. लोक मिलिंदकडे बघत, की बाबा, हे खरं का? मिलिंद गंभीरपणे म्हणे, “दोन कुठचे बे, तीन होते. एक मागच्या बाजूला उभा होता.” माझी एकही थाप त्याने जमिनीवर पडू दिली नाही. दुनियेत थापा मारणारे ढिगाने मिळतात. त्या झेलणारा मात्र लाखात एक, आणि तो सकाळी चालायला गेला तो परत आलाच नाही. बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खात होतो. पुढे तो केक मी संपवला की टाकला, तेही आठवत नाही.

तर ते थेटर. जपानी टीव्हीवर वर्षानुवर्षं चालणारी एका कुटुंबाची विनोदी कार्टून मालिका प्रज्ञा लहानपणी जेवताना बघायची. आई-बाप, आगाऊ पोरगं, सगळा गोंधळ. त्या मालिकेवरचा एक सिनेमा समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता आणि मिलिंदच्या जपानी साहेबाने त्याची तीन तिकिटं दिली. वहिनींना त्या दिवशी ड्युटी होती, म्हणून मिलिंद, सात वर्षांची प्रज्ञा आणि मी. आम्ही हसायला गेलो होतो. पण त्या सिनेमातली मोठी माणसं जुन्या दिवसांच्या अशी नादी लागतात की पोरांना विसरून तिकडेच राहायला बघतात. पोरं खिदळत होती आणि मागच्या रांगांतले बाप एकाएकी गप्प झाले होते.

पुढच्याच आठवड्यात ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर मराठी मंडळाची सहल होती. तिथे मी पहिल्यांदा सांगितलं, की मिलिंद थेटरात हमसून हमसून रडला. गणपतीत सांगितलं, की मॅनेजर बादली घेऊन धावला. दिवाळीपर्यंत माझ्या गोष्टीतला मिलिंद माझ्या गळ्यात पडून “मला नागपूरला घेऊन चल रे” असं म्हणू लागला होता. मिलिंद ऐकत बसायचा आणि शेवटी म्हणायचा, “बादली लहान पडली बे, ड्रम आणावा लागला.” अशी सात वर्षं. आता वहिनी विचारत होत्या यातलं खरं काय, आणि मी आठवणीत हात घालून चाचपतोय तर सगळीकडे माझंच बांधकाम! खालची जमीनच हाताला लागेना. तो रडला होता ना? नागपूर तो म्हणाला, की मीच नंतर घातलं?

“वहिनी,” मी म्हणालो, “मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. सांगता सांगता मूळ हरवलं.”

प्रज्ञाने एक इअरफोन काढला. “बाबा वॉज नॉट क्रायिंग,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “यू वर क्रायिंग, काका. सो लाऊड, लाह. सगळे बघत होते.”

त्या वर्षी पुण्यात माझे वडील गेले होते. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर मी कोणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं... म्हणजे मला तसं वाटत होतं. पण मग मी माझं रडणं उचलून त्याच्या डोळ्यांत कधी घातलं? आणि त्याने ते सात वर्षं, चारचौघांत, हसत हसत ठेवून कसं घेतलं? मी अजून या कोड्यात आहे.

वहिनींनी एजंटला फोन लावला. “शनिवारी येऊ नका. मी कळवेन,” एवढंच इंग्रजीत सांगून त्यांनी तो ठेवला. मग त्यांनी हळूच लेकीला विचारलं, “आणि बाबा? ते काय म्हणाले गं तेव्हा?”

“काही नाही,” प्रज्ञा म्हणाली. “काकांचा हात धरून बसले. देन वी वेंट टू ईट.”