मडगार्डची बदली

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला बिलगून बसणारं छोटं मडगार्ड पुन्हा तडकलं होतं. गॅरेजवाले मामा खाली वाकून म्हणाले, "गुरुजी, हे बदली करावं लागतंय."

बदली! तो शब्द ऐकला की अजून माझे कान टवकारतात. डोंगरातल्या या शाळेवर आलो तेव्हा वाटलं होतं, दोनेक वर्षांत बदली होईल. म्हणून दर वेळी पातळ, स्वस्तातलं मडगार्ड घेत आलो. जायचंच आहे, तर चांगलं कशाला? खडीचा रस्ता एकेक फोडत राहिला. चार मडगार्डं बदली झाली, मी मात्र इथंच.

या वेळी मामांनी जाडजूड, लवचीक मडगार्ड पुढं केलं. "हे वाकतं, पण तुटत नाही. तुम्ही रिटायर व्हाल, हे हलायचं नाही."

मी वाकवून पाहिलं. मुकाट्यानं वाकलं आणि सोडताच पुन्हा जागच्या जागी आलं. असा गुण माझ्याही अंगी आहे, हे शिक्षण खात्यातल्या साहेबांना केव्हाच कळलंय.

"काय करू? बसवू?"

"बसवा," म्हणालो, आणि बदलीचा अर्ज आपल्याच हातानं मागं घेतल्यासारखं वाटलं.

मामा बोल्ट आवळत होते. "आता बघा, सुटायचं नाव नाही."