कानसेनांचे आठ आवाज

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला लोक मिस्त्री म्हणतात. यांना मात्र सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते नाव काही त्यांना फुकट मिळालं नव्हतं. एखाद्या शिंप्याने फोन करावा, "मशीन खडखडतंय हो," आणि यांनी म्हणावं, "फोन मशीनजवळ धरा आणि दहा टाके घाला." दहा टाके ऐकून हे इकडून सांगणार, "शटलला ओरखडा पडलाय. सुई बदलत बसू नका, त्या बिचारीचा काही दोष नाही." तिकडे उघडून बघावं तर ओरखडा हजर. छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. बायको म्हणायची, "मशीनचं एवढं ऐकतात, त्यातलं अर्धं माझं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता."

गेल्या हिवाळ्यापासून मात्र कानसेन फोनवर निदान सांगायचं टाळू लागले. "घेऊनच या, समोर बघू," म्हणायचे. गिऱ्हाइकांना वाटलं, वयाबरोबर माणूस चोखंदळ झाला. खरं कारण त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. ज्याचं दुकान कानावर उभं आहे त्याचा कानच गेला, तर दाराची पाटी तरी कशाला ठेवायची, असं त्यांना सारखं वाटायचं.

अशात सुनेने त्यांच्यासाठी वेबसाइट बनवायला घेतली. दुकानांच्या वेबसाइट बनवणं हाच तिचा धंदा. मोठ्या उत्साहाने तिने पान उघडलं की बासरी वाजेल अशी सोय केली. पहिल्याच दिवशी सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या, तेव्हा शेजारणीला कौतुकाने नवऱ्याचं पान दाखवायला गेल्या. आठ जण गाल धरून गप्प बसलेले, त्यात ही बासरी सुरू झाली. ती बंद कुठून करायची ते सासूबाईंना सापडेना. शेवटी फोन पर्समध्ये कोंबला, तर पर्स गायला लागली. डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली करून बाहेर बघायला आले.

घरी येऊन सासूबाईंनी निकाल दिला. "न बोलावता आलेला पाहुणा आणि न विचारता वाजलेली बासरी, दोन्ही सारखेच."

सुनेने कान पकडले. बासरी गेली. "आता पान गप्प राहील," ती म्हणाली. "ज्याला ऐकायचंय त्याने बटण दाबायचं. पण बाबा, मग त्याने दाबावं असं आपल्याकडे काय आहे?"

कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर पुसून ठेवला. मग म्हणाले, "आजार आहेत की."

कल्पना त्यांचीच. बिघडलेल्या मशीनचे आठ आवाज पानावर ठेवायचे. शिंप्याने एकेक ऐकायचा, आपल्या मशीनशी ताडून बघायचा आणि सांगायचं, "माझं तीन नंबरचं दुखणं." पण आठ आजारी मशीनं एका वेळी आणायची कुठून? कानसेनांनी दुकानातलं सगळ्यात धडधाकट मशीन टेबलावर ठेवलं आणि त्यालाच एकेक रोग लावायला घेतला. पट्टा ढिला केला, कापड सरकवणाऱ्या दात्यांत कापसाचा बोळा कोंबला, सुईदांड्याचा स्क्रू अर्धा फेरा सोडला.

"आयुष्यभर बरी करत आलात," बायको दारातून म्हणाली, "आता म्हातारपणी आजारी पाडताय?"

दुपारी रस्ता जरा शांत असायचा, म्हणून रेकॉर्डिंग तेव्हा ठरलं. पंखा बंद, दाराला गादी टेकवलेली, खोलीत तिघंही घामाघूम. पहिल्या आवाजाआधी कानसेनांनी प्रस्तावना केली. ती साडेचार मिनिटांची निघाली आणि त्यात त्यांच्या गुरूंची खोकल्याची सवयही येऊन गेली.

"बाबा, माणूस एवढं थांबत नाही," सून म्हणाली. "ज्याचं मशीन बंद पडलंय तो तर मुळीच थांबत नाही. नमस्काराला सहा सेकंद, आवाजाला आठ."

सहा सेकंदांत बसवता बसवता त्यांची पुरेवाट झाली, पण शेवटी जमलं. 'मशीन बिघडलंय? घाबरू नका. आवाज ऐकवा, कानसेन सांगतील.' स्वतःच्या तोंडून हे शेवटचं वाक्य ऐकताना त्यांना कसंसंच झालं. सुनेला वाटलं, सवय नाही म्हणून लाजताहेत.

सहा आजार झकास झाले. सुनेने सगळे एका पातळीवर आणले, म्हणजे एक कुजबुजतोय आणि दुसरा कानठळ्या बसवतोय असं व्हायला नको. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या, हाही तिचाच आग्रह. "दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असतं, आवाज लावता येत नाही. कोणाला ऐकूच येत नाही. त्यांनी काय करायचं? हाताला काय कळतं तेही सांगा." कानसेनांनी सांगितलं, तिने लिहून घेतलं.

सातवा आवाज सुकलेल्या दांड्याच्या शिटीचा. तेल संपलं की वरचा दांडा बारीक किंचाळतो. कानसेनांनी तेल पुसलं आणि चाक फिरवलं. "नाही आलं अजून." पुन्हा पुसलं, फडक्याने कोरडं ठणठणीत केलं, पुन्हा फिरवलं. "छे, हे मशीन फारच गुणी आहे."

सुनेने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिच्या कानात तर शिटी घुसली होती. ती सासऱ्यांकडे बघत राहिली आणि तिला गेल्या हिवाळ्यापासूनचं सगळं कळलं.

"बाबा, येतेय शिटी. पहिल्यापासून येतेय."

कानसेनांनी चाकावरचा हात काढला नाही. ते म्हणाले, "बंद कर हे. कान गेलेल्या माणसाने कानसेन म्हणून मिरवायचं, ही शुद्ध फसवणूक झाली. ते नमस्काराचं वाक्य काढून टाक. पाटीही उतरवू."

बायको गादीला टेकून उभी होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"आणि हिवाळ्यापासून एवढी मशीनं बरी केलीत ती?" सुनेने विचारलं. "एक तरी परत आलं का?"

एकही आलं नव्हतं. कानसेनांनाच त्याचं नवल वाटलं. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तळवा चाकाशेजारी सपाट टेकलेला होता, आपण होऊन, सवयीने. कान कमी झाल्यापासून तो रोज तिथेच टेकत होता आणि त्याचे कोणी आभारही मानले नव्हते.

"लिही," ते म्हणाले. "सात नंबर. चाकाशेजारी तळवा ठेवा. मुंग्या आल्यासारखं वाटेल. पाच मिनिटांत तिथलं लोखंड कोमट लागेल." पाटी उतरवायची की नाही, हे मात्र त्यांनी अधांतरी ठेवलं.

आठवा आवाजही झाला, पान सुरू झालं आणि फोन यायला लागले. "कानसेन, आमचं चार नंबरचं." "आमचं दोन आणि सहा, दोन्ही एकदम." कानसेन ऐकायचे, हो म्हणायचे, पण मनात पाल चुकचुकत राहायची.

तिसऱ्या आठवड्यात पन्नाशीची एक बाई मशीन घेऊन आली. गळ्यात टेप, बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवणकामातलीच. कानसेनांनी विचारलं, "काय होतंय?" तिने स्वतःच्या कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली. मग पिशवीतून निळ्या कापडाचा तुकडा काढला, शिंप्याच्या खडूने त्यावर सात आकडा काढला आणि तळवा उघडून दाखवला. खाली लिहिलं, 'मुंग्या. कोमट.' जरा थांबून आणखी एक ओळ लिहिली, 'लहानपणापासून ऐकू येत नाही. मशीनच्या माणसाने मला विचारलं, असं पहिल्यांदाच झालं.'

कानसेनांनी ते दोनदा वाचलं. मशीन टेबलावर घेतलं, चाकाशेजारी आपला तळवा ठेवला आणि शेजारी तिचा ठेवायला सांगितलं. चाक फिरलं. दोघांनीही एकदमच मान डोलावली. कोपऱ्यात सून दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती, कारण खोलीत ती शिटी ऐकू येणारी ती एकटीच होती.

तेलाचे चार थेंब पडले. दोन तळवे वाट बघत राहिले. मग बाईने हात उचलला, कानसेनांनीही उचलला, आणि सुनेने कानांवरचे हात काढून बघितलं तर शिटी खरंच थांबली होती.

कानसेन इतके हसले की बायको आतून बघायला आली. त्यांनी खडू मागून घेतला आणि त्याच कापडावर लिहिलं, 'मलाही नीट ऐकू येत नाही. सात नंबर तर मुळीच नाही.' बाईने ते वाचलं, त्यांच्याकडे बघितलं आणि तीही हसायला लागली. तिचं हसणं मोठं आणि मोकळं होतं. ते कानसेनांना अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाराला गादी टेकवली गेली. पाटी जागेवरच राहिली, पण नमस्काराचं वाक्य त्यांनी नव्याने म्हटलं. सुनेने घड्याळ लावलं. बरोबर सहा सेकंद झाले.

'मशीन बिघडलंय? घाबरू नका. हात ठेवा आणि मला सांगा. माझे कान जरा कमी झालेत.'

"नावाचं काय करायचं बाबा?" सुनेने विचारलं. "कानसेनच राहू दे?"

"राहू दे," बायकोच आधी म्हणाली. "हातसेन काही बरं दिसत नाही."