रडारच्या बोल्टाला नट बसवणारे रझाकभाई

रझाकभाई मुलाणी पहिल्यांदा रावेतला माझ्या दारात आले, तेव्हा मी जाळीचे दार उघडलेच नाही. "बाई, वर्गणी नको. इंग्रजी पत्र वाचून हवंय," ते म्हणाले. शाळेत शिकवण्यात जन्म घालवल्याने मी माणूस बघताच ओळखते, ही माझी घमेंड तिथेच उतरली.

पत्र विलायतेतून नुसत्या गावाच्या नावाने आले आणि फिरत फिरत रझाकभाईंकडे पोचले होते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या डोंगरमाथ्यावरच्या रडार केंद्रात राहिलेल्या एका सैनिकाच्या मुलीने वडिलांजवळचा फोटो पाठवला होता. विमाने हेरणारे यंत्र आणि त्याखाली चार बोल्टांचा काँक्रीटचा पाया. कुरुळीत आयुष्यभर लेथ चालवलेल्या रझाकभाईंनी तो पाया डोंगरावर पाहिला होता.

तोच फोडून सेल्फी पॉइंट करायचे एका समितीने ठरवले. "ती अलीकडच्या पाण्याच्या टाकीची बैठक आहे," हा समितीतल्या विद्वानांचा निकाल. फोटो कुठलाही असेल म्हणे! शिवाय, "मेकॅनिकने इतिहासात हात घालू नये." मला आजही संताप येतो. रझाकभाई शांतपणे म्हणाले, "इतिहासात कशाला साहेब, बोल्टालाच लावतो."

रॉकेलने गंज काढून त्यांनी आटे मोजले. इंची, जुन्या विलायती मापाचे. तसा नट बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी लेथवर स्वतः बनवला. समितीच्या पाहणीच्या दिवशी, माझे गुडघे दुखतात म्हणून, डोक्यावर खुर्ची घेऊन ते डोंगर चढले.

"वय काय तुमचं?" मी ओरडले.

"बोल्टापेक्षा कमीच आहे, बाई."

वर सगळ्यांसमोर, पाया फोडायला नेमलेल्या ठेकेदाराने आजच्या मापाचा नट लावला. दुसऱ्याच फेऱ्यात तो अडकला. रझाकभाईंचा नट बोटांनी फिरत तळापर्यंत गेला. गुराखी गेनूभाऊ गरजले, "आमी म्हनत न्हवतो का, रडारच हाय!" विद्वान चष्मा पुसत राहिले. पाया वाचला!

पुढे रझाकभाईंनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून केंद्राची सगळी हकीकत वहीत उतरवली. गोऱ्या साहेबांच्या आधी त्यात निघोजे गावातून पाणी वाहणाऱ्या बायांची नावे आहेत. डोंगरावरच्या नव्या फलकावर मात्र समितीचीच नावे, रझाकभाईंचे कुठेच नाही.

रझाकभाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त माझे मागणे एवढेच: त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि दुरुस्त फलकावरचे आपले नाव त्यांनी स्वतः डोंगर चढून वाचावे, इतके त्यांचे पाय धड राहोत. समितीला अर्ज लिहायला मी खंबीर आहे. तिसरा कालच टाकला.