सातवा छर्रा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कारखान्यात फिटर होतो तेव्हा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या हुशारीवर... आणि घोळ तिथंच झाला.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी हैदराबादेहून एक जुनी विलायती मोटार आणली होती — बिनक्लचची, गिअर आपोआप पडायचे. पुढं ते अडकायला लागले. असली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती, तरी "त्यात काय एवढं" म्हणत खाली शिरलो, गिअर ठरवणारा कंट्रोल बॉक्स काढला आणि शहाण्यासारखा उलटा धरून उघडला. आतले सात पोलादी छर्रे टपाटप फरशीवर! सहा घावले. सातव्यासाठी दोन दिवस लोहचुंबक घेऊन रांगलो.

अध्यक्षांनी विचारलं, "बिघडलं कशानं?"

"गफूरचाचा चढाला लई दामटतात, साहेब."

गफूरचाचा त्यांचे ड्रायव्हर. रोज मला आपल्या डब्यातली भाकरी देणारे; न सापडलेल्या छर्ऱ्यासाठी मी रांगत होतो तेव्हाही.

हैदराबादच्या भंगारातून दुसरा बॉक्स आला. मी बसवला. गाडी लोण्यासारखी पळाली — पण उमरग्याच्या तीन मैल अलीकडं, दुष्काळी कामावर बाया-माणसं खडी फोडत बसायची तिथं, आपोआप न्यूट्रल. इंजिन चालू, चाकं ठप्प. पाच मिनिटांनी पुन्हा ठीक. रोज तिथंच.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी चाचांना भर उन्हात खाली उतरवलं. "गाडीची वाट लावलीस. बस आता इथंच खडी फोडत."

आणि ते खरंच बसले. घरी खाणारी सहा तोंडं होती. त्यांच्या जागेवर मी आलो, पांढऱ्या कपड्यात.

पहिल्याच दिवशी गाडी त्याच जागी थांबली. मागं अध्यक्ष. धुळीनं पांढरे झालेले चाचा हातोडा टाकून आले, माझ्या खिडकीतनं मूठ आत घातली. मुठीत छर्रा.

"दगड फोडला, आतनं पडला," ते हळूच म्हणाले. "तुझाच न्हवं का, बाळू? सायबाला सांग बाबा. येवढंच सांग."

"काय म्हणतोय तो?" मागून आवाज आला.

"पाणी मागतोय, साहेब."

"दे मग."

मी छर्रा खिशात टाकला, बाटली दिली. चाचांनी माझ्याकडं बघितलं... आणि घटाघटा प्याले. मी खोटं बोललो होतो, तहान खरी होती.

बाटली परत हातात आली तसा गिअर पडला. त्यानंतर गाडी तिथं कधीच थांबली नाही.

छर्रा अजून माझ्याकडं आहे. जुन्या बॉक्समधल्या रिकाम्या जागेत तो नेमका बसला. गॅरेजच्या फरशीवरून तो त्या दगडात कसा गेला, मला आजवर उमगलेलं नाही. दुष्काळ संपेपर्यंत रोज तिथून गेलो. चाचा मान वर करून बघायचे. मी काच वर करायचो — धूळ येते म्हणून.