गार पाण्याचा तांब्या

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. माझं माहेर म्हणजे एकटे आबा.

आई माझ्या लग्नानंतर वर्षभरातच काविळीनं गेली. भाऊ-भावजय सुरतेला. सोयगावकडच्या आमच्या गावी उरले ते वडील, म्हणजे आबा, आणि त्यांच्या मेंढ्या. सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझं ब्लडप्रेशर दोनदा तपासलं आणि शहर सोडायचं नाही असं बजावलं. सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "पहिलटकरणीचं माहेरच्यांनीच करायचं असतं. मी आले तर लोक तुझ्याच माहेराला नावं ठेवतील." मला इतका राग आला की तो सगळा मी आबांवर काढला. माझ्या माहेरात करायला आहे कोण, असं फोनवर ओरडले आणि ठेवून दिला. चौथ्या दिवशी आबा बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात उभे. मेंढ्या चुलत्याच्या हवाली करून आले होते. एका हातात काठी, खांद्यावर घोंगडी, काखेत गाठोडं.

"म्हाहेर आलं तुझं," म्हणाले. "आत घेतीस का नाय?"

माझा नवरा वाळूजच्या कंपनीत, शिफ्टमध्ये कामाला. त्यामुळं दिवसभर घरात मी आणि आबाच. आबांना शहरातलं काही येत नव्हतं आणि विचारायची लाज नव्हती. गॅस पेटवायला ते दोन दिवसांत शिकले. त्यांच्या भाकरी ताटाच्या बाहेर जायच्या. पाणी यायच्या दिवशी पहाटेपासून नळाशी पाळत ठेवून बसायचे, जणू तो नळ कुठं पळून जाणार होता. जिन्यातल्या बायकांना तर आयताच विषय मिळाला. बाप बाळंतपण करतोय म्हणे! आबांच्या कानावर ते गेलं, तसे ते जिन्यातच उभं राहून म्हणाले, "लई मेंढ्या मोकळ्या केल्या या हातानं. एका लेकीचं नाय व्हनार का?"

मी आत तोंड लपवून बसले. ते आत आल्यावर मी म्हणाले, "आबा, मी मेंढी आहे का?"

"मेंढी बरी. तोंड चालवत नाय."

खरं म्हणजे हे सगळं बोलणं मेंढ्यांचं. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. आमच्यात बाप लेकीच्या पोटाकडं बघत नाही आणि लेक बापासमोर पोटाचं बोलत नाही. हे कुणी शिकवत नाही, ते घरातच असतं. आबा खोलीत यायच्या आधी खाकरायचे, मी ओढणी पुढं ओढायचे, मग ते आत यायचे. दवाखान्याची फाईल खाटेवर पडलेली दिसली की पालथी घालून ठेवायचे. ओटभरणाच्या दिवशी घरात बायका जमल्या, तेव्हा ते खाली गेटजवळ वॉचमनशी मेंढ्यांच्या रोगांवर बोलत बसले होते. माझी तब्येत विचारायला त्यांच्याकडं एकच प्रश्न होता, "जेवलीस का?" त्यात सगळं आलं. झोप लागली का, पाय सुजले का, दुखतंय का, भीती वाटते का. मीही एकच उत्तर द्यायचे, "जेवले."

मला बाळासाठी गुलमंडीतून झबली आणायची होती. आबांनी साफ नकार दिला. लेकरू आल्याशिवाय नवीन काही घरात आणायचं नाही. त्यांनी गाठोडं सोडलं, त्यात आईची दोन जुनी लुगडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्यांची गोधडी करायला बसले, आणि तीही दाभणानं, कारण दुसरी सुई त्यांच्या जाड बोटांत धरवेना. टाके बोटभर लांब. मी हसून हसून बेजार झाले.

"ही गोधडी आहे का पोतं?"

"टिकंल," म्हणाले, आणि दात लावून दोरा तोडला.

मला ते दिवस चांगले आठवतात. आई गेल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ एका घरात कधी राहिलोच नव्हतो. मी खूश होते. हे लिहायला जड जातं, पण होते.

नववा लागला होता. त्या दिवशी नवऱ्याची पहिली शिफ्ट, तो सहाच्या आत गेलेला. रोज सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की पोटात लाथ बसायची, इतकी नेमाची की मी म्हणायचे, हिला चहा लागतो. का कोण जाणे, पण मी बाळाला 'ही'च म्हणायचे. त्या दिवशी चहा संपला आणि काही झालं नाही. झोपली असेल, म्हटलं. नाश्ता झाला, आंघोळ झाली, तरी पोट गप्प. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हालचाल कमी वाटली तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. मला ते पाठ होतं.

नवऱ्याचा फोन शिफ्ट सुटेपर्यंत लॉकरमध्ये. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना मी काहीही विचारायचे, त्या भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीत गेलेल्या. दोनदा फोन लावला, त्या गर्दीत त्यांना ऐकू गेला नसावा. राहिले आबा. ते पुढच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. मी दारात जाऊन उभी राहिले.

"आबा."

"काय गं माय?"

मी तोंड उघडलं. पण शब्द कुठला वापरायचा? पोट म्हणायचं? बाळ म्हणायचं? बापाला असं सांगायचे शब्दच माझ्या तोंडाला नव्हते. मी म्हणाले, "मेथी फार जून आहे," आणि आत येऊन पडले.

थोड्या वेळानं आबा खाकरले आणि आत आले. हातात माठातल्या गार पाण्याचा तांब्या. "घे, घटाघटा पी." मी प्यायले. मग गुळाचा खडा दिला. म्हणाले, "डाव्या कुशीवर पड जराशी." मी पडले. ते उंबऱ्यात बसले, तोंड बाहेर करून. अर्ध्या तासानं दुसरा तांब्या आणला. मला वाटलं, लाड करताहेत. मला ते नको झालं होतं. मला आई हवी होती.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"जेवले."

घटकाभरानं पुन्हा, "जेवलीस का?" पुन्हा थोड्या वेळानं तेच. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी ताडकन उठून बसले.

"तुम्हीच वाढलंत ना, आबा! किती वेळा तेच तेच विचारता? डोकं उठवलंत माझं!"

आबांनी तांब्या उचलला, आत नेऊन पालथा घातला आणि खाली निघून गेले. खिडकीतून दिसत होतं, गेटच्या बाहेर, जिथं कंपनीची बस थांबते तिथं, उन्हात उभे होते. डोक्याला पटका नव्हता, घरातच राहिला होता. बस यायला अजून तीन तास होते.

साडेतीनला नवरा आला. बसमधून उतरल्याबरोबर आबांनी त्याचा दंड धरला. "हिला दवाखान्यात न्या. आत्ता."

"काय झालं?"

आबांनी मान खाली घातली. "न्या म्हंतो ना."

रिक्षात मी नवऱ्याला सांगितलं. त्याला सांगायला मला दोन वाक्यंसुद्धा लागली नाहीत. आबा पुढं, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या जागेवर बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मशीन पोटावरून बराच वेळ फिरवलं. मी पडद्याकडं बघत नव्हते, त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. तिच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मी विचारलं, सकाळीच आले असते तर? डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "सांगता येत नाही." खोटं का होईना, त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. मी अजून त्यांच्याशी त्याबद्दल मनातल्या मनात भांडते.

नर्स तिला दवाखान्याच्या पांढऱ्या कापडात गुंडाळत होती. तेवढ्यात दाराच्या फटीतून एक हात आत आला, त्यात ती गोधडी. आबा आत आले नाहीत. ती गोधडी ते कधी घरून घेऊन आले होते, मला माहीत नाही. नर्सनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. मग मी तिला घेतलं. आईच्या लुगड्यात ती होती, तिचं कपाळ आबांसारखं रुंद होतं, आणि हनुवटीखाली ते बोटभर लांब टाके. मी कितीतरी वेळ ते टाके बघत होते. त्यांना मी हसले होते, हे मला सहन होईना.

नवरा आणि आबा तिला गावी घेऊन गेले. शेताच्या बांधाला, आईच्या जागेशेजारी ठेवून आले.

आबा तिसऱ्या दिवशी परत आले आणि दीड महिना राहिले. मी नको म्हणत होते. पण त्यांनी बाळंतिणीचं जे जे करायचं ते सगळं केलं, फक्त बाळाशिवाय. खाटेखाली शेगडी ठेवली. डिंकाचे लाडू केले, ते दगडासारखे झाले. जेवण झालं की बडीशेप-ओवा तळहातावर ठेवायचे. मला दूध आलं होतं, अंगावरचे कपडे ओले व्हायचे आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायचे. तेव्हा ते खाकरून निघून जायचे. जिन्यातल्या बायका आता त्यांच्यासाठी वाट सोडायच्या.

एका दुपारी ते माठ घासत होते. माझ्याकडं पाठ होती.

"मेंढीनं गार पानी पिलं की कोकरू हालतं," ते म्हणाले. "कुशीला दिसतं वरून. तुला दोन तांबे पाजले."

ते माठ घासतच राहिले.

"मला दिसलं नाय."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी उठून त्यांच्यासमोर गेले. ओढणी कुठं होती कुणास ठाऊक. "मग बोलला का नाहीत? तेव्हा का नाही बोललात?"

"बाप हाय मी," ते म्हणाले. माठावरचा हात थांबला होता. "कसं इचारू? तुझी माय असती तर…"

मी पहिल्यांदा आबांना रडताना पाहिलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते, निदान माझ्यासमोर तरी.

मी त्यांच्यावर बरेच महिने राग धरला. परत गेल्यावर त्यांचा फोन आला की नवऱ्याच्या हातात द्यायचे. मग तो राग फिरून माझ्याकडं आला, कारण सांगायला तर मलाच हवं होतं. दारात उभी राहून मेथीची तक्रार मी केली होती. चार वेळा त्यांनी मला विचारलं, त्यांना येत होतं त्याच भाषेत विचारलं, आणि मी त्यांच्यावर खेकसले. आम्हा दोघांनाही सकाळीच कळलं होतं. मधे फक्त एक उंबरा होता, आणि तो ओलांडायला आम्हाला लाज वाटली.

आता मला पुन्हा सातवा आहे. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, पहिलंच ना? मी दुसरं म्हणते. त्या गप्प होतात, होऊ देत.

मेंढ्या विण्याचे दिवस असल्यामुळं आबा अजून गावी आहेत, आठव्यात येणार आहेत. गेल्या महिन्यात मला आतून लाथ बसायला लागली आणि ते मी नवऱ्याकरवी त्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आबा सोयगावच्या बाजारात होते. मागं मेंढ्यांची बेंबें आणि माणसांचा कालवा. फोनवर मोठ्यानं बोललं तरच पुढच्याला ऐकू जातं अशी त्यांची पक्की समजूत. मी "जेवले" म्हणायला तोंड उघडून तयार होते.

"लेकरू हाललं का?"

खाकरणं नाही, काही नाही. भर बाजारात, ओरडून. मागं कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं. माझा हात आपोआप ओढणीकडं गेला.

"बोल की माय! हाललं का?"

"हाललं, आबा."

"कवा?"

"चहा पिताना. दोनदा. आणि आत्ता, तुमचा फोन वाजला तेव्हा."

पलीकडं नुसता बाजाराचा कालवा ऐकू येत होता. मी दोनदा हॅलो म्हणाले. मग आबांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "आता सांग, जेवलीस का?"