नानांचा सोनेरी भुंगा

लग्नात मुलीचं नाव बदलायचं असतं आणि का बदलायचं, हे विचारायचं नसतं. हा नियम आत्याने मला लहानपणापासून ऐकवला होता. मी विचारलंच. आणि त्यातून स्वतःची जी काही शोभा करून घेतली, ती आता ऐका.

वसंताशी माझं लग्न ठरलं. घाटकोपरला त्याच्या घरी माझं नवं नावही ठरलं, वासंती! ताटातल्या तांदळावर अंगठीने तेच लिहिणार म्हणे. अहो, मी चोवीस वर्षं कुसुम. एम.एस्सी.चा दाखला कुसुमचा. पण वसंताचे वडील, नाना, ऐकायला तयार नाहीत.

"आमच्यात असंच असतं," ते म्हणाले. विषय संपला.

मग मी डाव टाकला. बोरिवलीला आमच्या अंगणात घोसाळ्याचा मांडव आहे. त्याचे बांबू भुंगे पोखरतात. काळे भुंगे, पाठीवर पिवळी शाल. त्यांचं शास्त्रीय नाव जुनं, पुस्तकातलं. पण तिथेच मला तीन भुंगे मिळाले, नखशिखांत सोनेरी. ते कुठल्याच पुस्तकात नव्हते. नवी जात!

तिन्ही नर होते. यांच्या माद्या कुठे आहेत, हा प्रश्न मला पडला का? नाही पडला.

नव्या जातीचा एक कीटक टाचणीवर लावून त्याला लाल चिठ्ठी लावतात. पुढे वाद झाला, तर तोच साक्षीदार. मी चिठ्ठी लावली, तो संग्रहालयात दिला, लेख छापून आणला आणि भुंग्याला नाव दिलं नानांचं, लॅटिन शेपूट लावून.

नाना विरघळले! लेखाचं कात्रण त्यांनी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं. "नावाचं बघू," इथपर्यंत आले.

साखरपुड्याला मंडळी आमच्याकडे आली. नाना म्हणाले, "माझा भुंगा दाखव."

मी ऐटीत कोयता घेतला आणि मांडवाचा एक बांबू उभा चिरला. आत भुशाच्या भिंती घालून केलेल्या खोल्या, एकामागे एक. प्रत्येकीत एक ताजा भुंगा. काळा. काळा. सोनेरी. काळा. सोनेरी.

माझ्या हातातला कोयता तसाच राहिला.

"हा सोनेरी म्हणजे मी," नाना खूश होऊन म्हणाले. "आणि हे काळे कोण?"

"तुमच्या बहिणी."

"काय?"

"एका घरट्यातली, एका आईची पोरं आहेत ही, नाना. काळ्या त्या मुली, सोनेरी ते मुलगे. जात एकच, आणि तिला नाव आधीच आहे. तुमचं नाव बाद झालं."

"मी कात्रण चौकटीत लावलंय!"

"बांबू बांधून टाक गं सुतळीने," आत्या कुजबुजली. "कोणी पाहिलंय?"

"छापून आलंय ना? मग तेच खरं," बाबा म्हणाले. "मोठ्या माणसाचा मान जातोय, कळतंय का? लग्न मोडेल."

"नाही," मी म्हटलं. "चूक झाल्याचं उद्याच लिहून पाठवणार. एकाला दोन नावं पडली, तर आधीचं टिकतं. नंतरचं कितीही मानाने ठेवलेलं असो. आणि नाना, भुंग्याला जो नियम, तोच मला. मी कुसुम. तांदळावर वासंती लिहिलंत, तर मी त्या ताटासमोर बसणार नाही."

चिरलेल्या बांबूतून एक सोनेरी भुंगा रांगत बाहेर आला आणि नानांच्या टोपीवर जाऊन बसला.

नानांनी तो उडवला नाही. म्हणाले, "मग माझ्या त्या नावाचं आता काय होतं?"

"पुस्तकात राहतं. चुकीचं नाव म्हणून. आणि त्याला जोडून, चूक करणाऱ्याचं नाव."

"म्हणजे तुझं?"

"माझं. माहेरचं आडनाव. ते मात्र कधीच कोणाला बदलता येत नाही."

खरं सांगायचं, तर बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, माझं नाव कायमचं टिकलं होतं, पण माझ्याच चुकीच्या शेपटीला.