हाफ क्लच

पुढच्या ट्रकचा क्लच जळाल्याचा उग्र वास आला की मला परभणीतलं ते गॅरेज आठवतं. आईच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि वडील तिला आमच्या जुन्या छोट्या एसयूव्हीतून ताडकळसहून परभणीला तपासणीला न्यायचे, सगळ्या खड्डेभरल्या रस्त्यानं. त्या दिवशी इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही पुढं सरकेना. मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवून जळून काळीठिक्कर झालेली क्लच प्लेट वडिलांपुढं धरली. "आत्ताच तर नवी टाकली होती. तुमी क्लच अर्धा दाबून, हाफ क्लचवरच चालवायलाव. पुन्हा सगळा सेट बदलावा लागंल, लय खर्च हाय." वडील म्हणाले, "ठाव हाय मला. पण खड्ड्यात क्लच सोडला की गाडी हिसका देती, अन् हिचे टाके ताणतेत. टाका नवा सेट." लिंबाखाली टेकून बसलेली आई हळूच म्हणाली, "अहो, मला सोसतेत हिसके." वडिलांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला न्हाई सोसत," एवढंच बोलले. ती गाडी अजून आहे, वडीलच चालवतात. आई गेल्यापासून गाडीची क्लच प्लेट एकदाही बदलावी लागलेली नाही.